झिवानची दाढी

सर्बियातल्या आमच्या शाबात्स गावात मिस्त्री घरी आला की आधी कॉफी पितो, मग काम उघडून बघतो आणि मग ते एक वाक्य म्हणतो. "हे कोणी केलंय तुमचं?"

नळाचं काम असो, छपराचं असो, शेगडीचं असो, हे वाक्य म्हटल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही. आधीचा मिस्त्री कसाई असतो, नाहीतर आंधळा असतो, नाहीतर मुळात न्हावीच असतो आणि चुकून नळाकडे वळलेला असतो. घरमालक मान खाली घालतो, कारण त्या न्हाव्याला घरात त्यानेच आणलेलं असतं. मग दुसरी कॉफी होते आणि काम सुरू होतं.

गावात हे वाक्य सरेत्को मिस्त्रीसारखं कोणालाच जमायचं नाही. माझी हयात नाटकात गेली. मी दासी झाले, सासू झाले, एका नाटकात तर झाडही झाले होते, त्यामुळे रंगमंचावर येणं म्हणजे काय ते मला कळतं. सरेत्को भलाथोरला माणूस. दारात उभा राहिला की जिन्यावरचा उजेड अडतो. हात मात्र लहान, शाळकरी मुलीचे असावेत तसे, आणि त्यातही डावा तेवढा कामाचा. तो गुडघ्यांवर बसायचा, संडासाच्या टाकीसाठी भिंतीत ठेवलेल्या छोट्या खिडकीत विजेरी मारायचा आणि थांबायचा. त्या थांबण्यात सगळी कला होती. तोवर घरातली माणसं दारात गोळा झालेली असायची. मग तो डावा हात आत घालायचा, नळीच्या सांध्यावरून ओल्या, पिवळट तागाचा झुबका ओढून काढायचा, दिव्याकडे उंच धरायचा आणि गरजायचा, "हे कोणी केलंय तुमचं? थांबा, सांगू नका! ही तर झिवानची दाढी!"

लोक हसून हसून भिंतीला टेकायचे.

दाढी म्हणजे काय ते सांगायला हवं. जुने नळवाले लोखंडी आट्यांवर ताग गुंडाळतात आणि वर सफेदा चोपडतात, म्हणजे पाणी झिरपत नाही. लोखंडाला ते ठीक आहे. पण हल्ली संडासाची टाकी भिंतीआड दडवतात, बाहेर फक्त बटणांची पाटी दिसते. त्या टाकीतल्या सांध्याला रबरी वॉशर असतो, तिथे तागाचं काही काम नसतं. तरी लावला, तर काही वर्षांनी त्याचे तंतू सुटतात, पाण्याबरोबर वाहतात आणि झडपेच्या तोंडाशी जी नखाएवढी जाळी असते तिच्यावर जाऊन बसतात. वर क्षार चढतो. मग टाकी भरायला इतका वेळ घेते की आत गेलेल्या माणसाची बाहेरच्याला काळजी वाटू लागते.

झिवान हा सरेत्कोचा उस्ताद. गावात भिंतीतल्या टाक्या पहिल्यांदा बसवल्या त्या झिवानच्या दुकानाने. सरेत्को त्सेर डोंगराखालच्या खेड्यातून आला, झिवानकडे शिकला, त्याच्या हाताखाली बरीच वर्षं राबला आणि मग भांडून वेगळा झाला. वेगळं झाल्यावर हे दाढीचं निघालं. एका घरात लोक हसले, मग दुसऱ्या घरात. ज्या वाक्याला हशा मिळतो ते वाक्य सोडवत नाही. मी स्वतः एका प्रहसनात नसलेलं वाक्य दोन हंगाम चालवलं होतं. गंमत म्हणजे झिवान रोज सकाळी गुळगुळीत दाढी करणारा माणूस. पण बाजारात तो दिसला की तरणी पोरं हनुवटी खाजवायची. हळूहळू त्याला कोणी बोलावेनासं झालं. त्याच्या दुकानात आता चपला विकतात आणि तो सावा नदीच्या काठाला गळ टाकून बसतो.

माझी टाकी पुरती बिघडली ती नेमकी स्लावा तोंडावर आला असताना. घराण्याच्या संताचा दिवस. आमचा संत दिमित्री, नोव्हेंबरातला. माझा नवरा राट्को वारला, मुलगा परदेशी आहे, तरी नवऱ्याचा स्लावा मी चुकवत नाही. स्लाव्याला आमंत्रण नसतं. ज्याला आठवतं तो येतो, आणि राट्को नाट्यगृहाचा दिवेवाला असल्याने अर्ध्या गावाला आठवतं. सगळे कोबीचे रोल खाणार, घेवड्याचं भांडं पुसून काढणार, वाइन पिणार, आणि मग संडासाकडे जाणार. मागच्या वर्षी घरातल्या बोळात रांग लागली होती आणि टाकी आत मुंगीच्या पावलाने भरत होती.

टाक्यांनी मला आयुष्यभर छळलंय. आमच्या जुन्या नाट्यगृहात संडासाची टाकी उंच भिंतीवर होती, साखळीची. ती भरताना असा आवाज करायची की मरणाचा प्रवेश चालू असेल तर साखळी ओढायची नाही असा दंडकच होता. एका संध्याकाळी आमचा नायक माझ्या मांडीवर प्राण सोडत होता आणि कोणीतरी साखळी ओढली. टाकी अशी कण्हायला लागली की प्रेक्षकांना वाटलं, जीव अजून बाकी आहे. म्हणून तर मी दौऱ्यावर असताना राट्कोने घरात ही नवी, भिंतीआडची टाकी बसवून घेतली. परत आले तेव्हा भिंतीतून पांढरं भांडं तरंगत होतं, आणि राट्को शेजारी उभा राहून पडदा उघडल्यासारखे हात करत होता.

"सरेत्कोला बोलाव," वरच्या मजल्यावरची मिलुंका म्हणाली. ती आयुष्यभर बसमध्ये तिकिटं तपासायची आणि आता आमच्या इमारतीची अध्यक्ष आहे. "पण लेपे, त्याच्या हातांवर नजर ठेव. हे लोक एक बिघाड काढतात आणि दुसरा ठेवून जातात."

सरेत्को आला. बूट काढू का म्हणाला, मी नको म्हटलं, त्याने काढले. कॉफी घेतली, साखर नको म्हणाला. मग उठून त्याने मला विचारलं, "लेपाबाई, संडास कुठंय तुमचा?"

"बोळाच्या टोकाला."

आमच्या बोळात मध्येच एक पायरी खाली उतरते. दिवा लावला तरी दिसत नाही. नवा माणूस तिथे अडखळतोच. आमचा पाद्रीही दरवर्षी अडखळतो आणि दरवर्षी मेणबत्ती विझवतो. मी म्हणणारच होते, जपून. तेवढ्यात हा एवढा मोठा माणूस हातात हत्यारांची पेटी घेऊन, माझ्याशी बोलत बोलत, खाली न बघता ती पायरी अलगद उतरला.

नट नवखा असला की असं होतं. पहिल्यांदाच घरात आल्याचं सोंग करतो, आणि हात मात्र आपोआप बरोबर कडीवर जातो.

संडासाच्या दारासमोर राट्कोचा फोटो आहे. टोपी घातलेला, हसणारा, चांगला मोठा. त्याच्याकडे न बघता पुढे जायला मान वाकडी करावी लागते. सरेत्कोने ती केली.

तो गुडघ्यांवर बसला. बटणांची पाटी कुठून उचलायची ते चाचपडलाही नाही. वर सरकवून एका झटक्यात काढली. मागचं झाकण काढलं. विजेरी मारली. थांबला.

मी दारात वाक्याची वाट बघत उभी होते. मिलुंकाही जिना उतरून आली होती.

वाक्य आलंच नाही.

मी खूप नटांना वाक्य विसरताना पाहिलंय. विसरलेला नट घाबरतो, डोळे प्रॉम्प्टरकडे जातात. सरेत्को घाबरला नव्हता. त्याला वाक्य आठवत होतं, ते म्हणायचं नव्हतं. हे फार वेगळं दिसतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. जाळी असेल."

"कोणी केलंय हे आमचं?" मिलुंकाने मागून त्याचंच वाक्य त्याला दिलं. प्रॉम्प्टर झाली असती तर नाव काढलं असतं तिने.

सरेत्कोने झाकण परत लावलं. "उद्या येतो," म्हणाला. "सामान आणायला हवं."

"पेटी भरलेली आहे की तुझी!"

"हे सामान नाही. दुसरं."

तो गेला. मिलुंकाने दाराची साखळी लावली आणि स्वयंपाकघरात येऊन बसली.

"लेपे, त्याने आत काहीतरी पाहिलंय."

"जाळी पाहिलीय."

"जाळी पाहून माणूस मुका होत नाही. राट्कोने भिंतीत काही ठेवलं होतं का?"

"दिवेवाला होता तो, मिलुंके. फार तर एक जळका बल्ब ठेवला असेल."

"हसून घे. उद्या तो दार लावून घेईल, बघ. दार लावलं म्हणजे समज."

दुसऱ्या दिवशी सरेत्कोने खरंच दार लावलं. कॉफीही घेतली नाही. बोळात पोचला, पुन्हा ती पायरी अलगद उतरला, फोटोकडे पाठ केली आणि म्हणाला, "लेपाबाई, दार ओढतो जरा. वारा येतो."

"बोळात कसला वारा?"

तोवर दार लागलंही होतं.

मिलुंकाने कान लावला. मी तिला हाताने बाजूला करत होते आणि स्वतः कान लावत होते. आत पाणी बंद झालं. मग नट सैल होतानाची करकर. मग बराच वेळ काहीच नाही. शिरक्याचा वास आला, म्हणजे झडप क्षार सोडवायला भिजत घातली होती; तेवढं तरी सरळ काम चालू होतं. मग आतून तो हळूच कोणाला तरी शिवी देताना ऐकू आला. आईवरून दिली नाही, गावावरून दिली, आणि गाव त्सेर डोंगराखालचं होतं.

"स्वतःच्याच गावाला शिव्या घालतोय!" मिलुंका कुजबुजली. तिच्या डोळ्यांत तिकीट नसलेला प्रवासी सापडल्याची चमक होती.

मी कॉफीचा कप हातात घेतला आणि दार न वाजवता उघडलं. रंगमंचावर असं कधी करायचं नसतं, घरात चालतं. सरेत्कोचा डावा हात कोपरापर्यंत भिंतीत होता. उजव्या मुठीत काहीतरी ओलं, पिवळट होतं. मला पाहताच ते पँटच्या खिशात गेलं.

"काय आहे ते?"

"कचरा."

"दाखव की."

"बाई, संडासातला कचरा काय बघायचाय? कॉफी तिथे ठेवा."

त्याने झडप बसवली, नळी जोडली, आतला छोटा नळ पूर्ण उघडला. टाकीत पाणी असं धावून आलं की इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. काम झालं होतं. बिघाड गेला होता. मी पैसे पुढे केले, तर तो म्हणाला, "राहू द्या."

"राहू द्या म्हणजे?"

"राट्कोकाकांच्या नावाने राहू द्या."

एकदाही वर न बघता तो पेटी घेऊन निघाला. खिशावर ओला डाग पसरला होता.

आमच्या गावात मिस्त्री पैसे नको म्हणाला तर लोक आधी घरातले चमचे मोजतात. मिलुंका मोजायला बसली नाही, कारण तिला त्याहून चांगलं काही सापडलं होतं. भांड्यामागे, ब्रशच्या डब्याला चिकटलेला एक लांब, पिवळा तंतू. तिने तो दोन बोटांत धरला, उजेडाकडे उंच केला, अगदी सरेत्कोसारखा.

"ही तर झिवानची दाढी!"

मग तिचा हात हळूहळू खाली आला. ज्या माणसाने ही दाढी घराघरांत उंच धरून दाखवली, त्याने माझ्या घरात ती खिशात का घातली? झिवानला बोल लावायची अशी आयती संधी त्याने का सोडली? आणि तो राट्कोला काका म्हणत होता, ते कधीपासून?

"तो इथे आधी आलेला आहे," मी म्हटलं. "त्याला पायरी माहीत आहे."

"मग विचारलं का, संडास कुठंय?"

"तेच तर."

मी शाल घेतली आणि नदीवर गेले.

झिवान वाळवंटाच्या टोकाला, विलो झाडांखाली घडीच्या खुर्चीवर बसला होता. मी गवतातून मागून येत होते. तो वळला नाही.

"बाईसाहेब, मासे पळतील," तो म्हणाला. "ह्या गावात असं टाच टेकवून कोणी चालत नाही. तुम्हीच."

मी शेजारच्या उलट्या बादलीवर बसले. हवापाणी झालं, मासे झाले. मग विचारलं, "झिवान, माझं संडासाचं काम तू केलं होतंस ना?"

"मी घेतलं होतं. माझी कंबर धरली होती तेव्हा. त्याने केलं. एकट्याने केलेलं पहिलं काम त्याचं ते." त्याने सरेत्कोचं नाव घेतलं नाही.

"त्यात ताग निघाला."

झिवानने गळाची दोरी थोडी गुंडाळली. मग हात माझ्यासमोर धरला. फावड्यासारखा पंजा, बोटं गाजरांएवढी. "भिंतीतल्या त्या खिडकीत हा हात जाईल असं वाटतं तुम्हाला? भिंतीतल्या टाक्या सगळ्या त्यानेच बसवल्या. म्हणून तर ठेवला होता त्याला. सांगून थकलो, अरे, रबर आहे तिथे, ताग घालू नकोस. ऐकेना. म्हणायचा, रबरावर माझा भरवसा नाही. आणि डावखुरा. ताग उलटा गुंडाळायचा. नट आवळला की तो घट्ट व्हायच्या ऐवजी सुटायचा."

"म्हणजे गावातल्या सगळ्या दाढ्या..."

"मी दाढी ठेवत नाही, बाईसाहेब."

मला राग आला. "मग बोलला का नाहीस? दुकान गेलं तुझं! बाजारात पोरं हनुवटी खाजवतात!"

"काय बोलू? पाटी माझ्या नावाची होती. काम माझ्या नावावर झालं. मी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, म्हातारा रडतोय." तो पाण्याकडे बघत राहिला. "त्याने म्हणावं. त्याने म्हटलं तर ते खरं. मी म्हटलं तर नुसतं गाऱ्हाणं."

"आणि त्याने कधीच म्हटलं नाही तर?"

"तर मासे आहेत."

उठताना मी म्हटलं, "स्लाव्याला येशील ना?"

"राट्कोचा स्लावा मी कधी चुकवलाय?"

घरी येताना माझ्या मनात सरेत्कोबद्दल चांगलं काही नव्हतं. आता सगळं जुळत होतं. त्याला माझ्या घरात स्वतःचा हात ओळखू आला, आणि तो पुसून टाकायला तो आला. दार लावलं, पुरावा खिशात घातला, पैसे नको म्हणाला, म्हणजे माझं तोंड बंद. पुढच्या घरात तो पुन्हा झुबका उंच धरणार आणि झिवानला पुन्हा दाढी चिकटवणार. मिलुंकाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं, हातांवर नजर ठेव?" आणि तिने तो तंतू कागदात गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

स्लाव्याच्या दिवशी सकाळी पाद्री आला, बोळातून मेणबत्ती घेऊन निघाला, अडखळला, मेणबत्ती विझली. ती पुन्हा लावली. भाकर कापली, वर लाल वाइन ओतली, गोड गहू सगळ्यांनी चमच्याने घेतले. दुपारपर्यंत घर भरलं. नाट्यगृहाची जुनी माणसं, राट्कोबरोबर बुद्धिबळ खेळणारे, इमारतीतले सगळे. झिवान स्वच्छ सदऱ्यात, गालावर ताज्या वस्तऱ्याचा लालपणा घेऊन, खिडकीपाशी बसला. बोळात रांग लागली नाही. टाकी धावत होती, लोक कौतुक करत होते आणि दर वेळी कोणीतरी विचारत होतं, "कोणी दुरुस्त केली?" मी उत्तर द्यायचं टाळत होते.

तेवढ्यात दार वाजलं. दारात सरेत्को. कोट, टाय, हातात वाइनची बाटली. तो ह्या घरी स्लाव्याला कधीच आला नव्हता.

मला वाटलं, बघायला आला, मी कोणाला काय सांगितलं ते. तरी स्लाव्याला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवत नाहीत. मी ताटलीतून गहू पुढे केले. त्याने चमचाभर घेतले, छातीवर क्रूसाची खूण केली आणि आत पाऊल टाकलं. तेव्हा त्याला खिडकीपाशी बसलेला झिवान दिसला.

भांडलेले दोघं समोरासमोर आले की खोलीला कळतं. बुद्धिबळवाले बोलायचे थांबले. एका पोरट्या नटाने तर हनुवटी खाजवली आणि मग हात खाली घेतला.

मिलुंकाला एवढीच शांतता लागते. "या, या, मिस्त्रीसाहेब!" ती मोठ्याने म्हणाली. "सगळे विचारतायत, लेपाच्या टाकीत काय होतं. सांगा की! झिवानची दाढीच ना?" आणि तिचा हात पर्सकडे गेला.

दोघेतिघे हसले. सवयीने हसले, मनापासून नाही. झिवानने ग्लास ठेवला नाही, उचललाही नाही. सरेत्कोला फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर जेवण पुढे चाललं असतं आणि तो गावातला पहिल्या नंबरचा मिस्त्रीच राहिला असता.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो बोळाकडे बघत होता, जिथून राट्कोच्या फोटोची एक कड दिसते.

"नाही," तो म्हणाला. पुढचं तो मान खाली घालून टायमध्येच पुटपुटला, कोणाला कळलं नाही.

"काय?" झिवानने कानामागे पंजा धरला. "ऐकू येत नाही मला. ह्या कानाने तर मुळीच नाही."

नदीवर गवतातली माझी टाच ओळखणारा कान.

सरेत्कोचा चेहरा बिटासारखा झाला. "मी म्हटलं, ती दाढी माझी आहे!"

"तुझी कुठली? लेपाबाईंच्या घरातली?"

"लेपाबाईंच्या घरातली."

"फक्त?"

सरेत्कोने बाटली टेबलावर आपटल्यासारखी ठेवली. "सगळ्या! सगळ्या घरांतली! झालं समाधान? पहिल्यांदा उघडलं तेव्हा माझाच उलटा ताग दिसला, गिऱ्हाईक समोर उभं, म्हणालं हे कोणी केलं. काय म्हणणार होतो? तुमचं नाव तोंडात आलं. लोक हसले. मग तेच म्हणत गेलो." त्याने बोळाकडे बोट केलं. "इथे नाही म्हणता आलं. हे काम करताना राट्कोकाका तिथे दारात कॉफी घेऊन उभे होते. म्हणाले, रबर आहे ना तिथे, मग हे गवत कशाला? मी म्हटलं, काका, तुम्ही दिवे बघा. आता ते तिथून बघतायत. दार लावलं तरी बघतायत."

मिलुंकाने पर्सची चेन हळूच परत ओढली.

मला वाटलं, आता झिवान उठेल, मिठी मारेल, आम्ही सगळे डोळे पुसू. इतकी वर्षं नाटकात काढल्यावर माणूस शेवट आधीच बसवून ठेवतो. झिवानने मिठी मारली नाही. त्याने आधी ग्लास संपवला. मग म्हणाला, "उद्या हे बाजारात म्हण. इथल्यासारखं तोंडातल्या तोंडात नाही. दाढी ओरडायचास त्या आवाजात."

"म्हणेन."

"भाजीवाल्यांच्या बाजूला. मासळीवाल्यांना मी स्वतः सांगितलंय."

"म्हणेन म्हटलं ना!"

झिवान उठला. बोळाकडे निघाला, पायरी सांभाळून उतरला आणि संडासात शिरला. दार लागलं. आम्ही सगळे ऐकत होतो, लाज न बाळगता. बटण दाबलं. पाणी गेलं. टाकी भरायला लागली, जोरात, एका सुरात, आणि मी कॉफीचं भांडं उचलेपर्यंत भरून थांबलीही. मग बटणांची पाटी वर सरकल्याचा आवाज आला. सरेत्को जागचा ताठ झाला. आत बराच वेळ काहीच नाही. ते थांबणं मी ओळखलं. शिष्याने ते कोणाकडून उचललं होतं ते मला तेव्हा कळलं.

आणि मग भिंती हादरल्या.

"हे कोणी केलंय तुमचं?"

"मी, उस्ताद!" सरेत्को धावला, आणि इतक्या घाईत धावला की पायरी विसरला. भिंतीला खांदा आपटला, राट्कोचा फोटो वाकडा झाला, तो त्याने दोन्ही हातांनी सरळ केला. मग तो आत गेला आणि दार लागलं.

आम्ही थांबलो. कोबीचे रोल गार व्हायला लागले. आतून दोन माणसांचं पुटपुटणं येत होतं, त्यातला 'रबर' एवढाच शब्द कळत होता, आणि मध्येच एकदा पान्ह्याचा आवाज.

मिलुंका माझ्याकडे सरकली.

"लेपे," ती म्हणाली, "चालू टाकी उघडून हे दोघं आत करतायत काय?"